पुलापलीकडचं पितळ आणि आजचं ताट



रोज वापरायची भांडी देखणी असावीत, आजच्या राहणीला शोभावीत आणि खिशालाही झेपावीत, असं प्रत्येक घराला वाटतं. ती कुठं शोधायची आणि कशी पारखायची, याविषयी मी आज बोलणार आहे. बोलताना माझ्या डोळ्यांसमोर कारधा हे गाव आहे. वैनगंगेच्या या तीरावर कारधा, त्या तीरावर भंडारा, मधे पूल. भंडारा हे पितळेचं शहर. इथल्या कासारांनी पिढ्यान्‌पिढ्या गुंड घडवले, गंज घडवले, कोपर, पराती, गडवे घडवले. पाणी भरणं, भात शिजवणं, कणीक मळणं, दारी आलेल्याला पाणी देणं, सगळं या भांड्यांतून झालं.

तरीही आज कारध्यातल्या घरात नवी ताटं घ्यायची ठरली, की पहिली नजर मोबाईलकडे जाते. तिथं पांढऱ्याशुभ्र प्लेटा दिसतात, मातकट रंगाचे बाऊल दिसतात. हे आपल्याला परवडायचं नाही, आपल्याकडे मिळायचं नाही, असं वाटून जातं. मला हा समज दूर करायचा आहे. देखणं, आजचं ताट आपल्याला नक्की परवडतं. ते एका खोक्यात तयार मिळत नाही, एवढंच. ते एकेक नग निवडून जमवावं लागतं, आणि त्यातले दोन-चार नग तरी पुलापलीकडे घडलेले असावेत.

आधी त्या खोक्याचं बघू. बाजारातला नेहमीचा डिनर सेट बहुधा २७ नगांचा असतो. सहा मोठ्या प्लेटा, सहा लहान प्लेटा, बारा वाट्या, भाज्यांसाठी दोन मोठे बाऊल आणि भातासाठी एक लांबट प्लेट. यातलं आपल्या घरी रोज काय लागतं, ते जरा मनात मोजा. लांबट प्लेट कपाटातच राहते. घरात माणसं चार असली तरी सेट सहाचा घ्यावा लागतो, आणि आठ पाहुणे आले की तोच सेट अपुरा पडतो. एक प्लेट फुटली की तिची जोड शोधत फिरावं लागतं, कारण ती नक्षी तोवर बाजारातून गेलेली असते. म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की सुटे नग घ्या, आणि ते बिननक्षीचे घ्या. साधा पांढरा किंवा मलई रंगाचा नग पुढच्या वर्षीही मिळतो, आणि दुसऱ्या कंपनीचा आणला तरी पंगतीत वेगळा पडत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या जेवणाची. भंडारा हा धानाचा जिल्हा. इथल्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आपल्या ताटात भात आहे, पातळ वरण आहे, कढी आहे, पाटोडीचा किंवा मासोळीचा झणझणीत रस्सा आहे. परदेशी पद्धतीची सपाट प्लेट भाजलेल्या, कोरड्या, सुरीनं कापून खायच्या अन्नासाठी घडली. तिच्यावर वरण-भात कालवला की वरण काठाबाहेर येतं. म्हणून प्लेट घेताना तिचा काठ बघा. बोटाच्या एका पेराइतका उभा काठ हवा. सध्या दुकानांत पास्ता प्लेट नावाचा एक खोलगट प्रकार मिळतो. नाव परकं असलं तरी तिचा आकार वरण-भाताला फार सोयीचा आहे. एकाच जागी वरण, भात, वर तुपाची धार आणि बाजूला लोणच्याची फोड, असं जेवण त्यात छान बसतं.

भांडं पारखायचं कसं, याचा एक उत्तम धडा आपल्याच गडव्यावरून जगाला मिळाला आहे. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकेतले नामवंत डिझायनर दांपत्य. त्यांनी १९५८ साली भारत सरकारला एक अहवाल दिला, आणि त्यातून पुढे १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. या दोघांनी भारतात पाहिलेल्या असंख्य वस्तूंमधून सर्वांत सुंदर म्हणून निवड केली ती साध्या लोट्याची, म्हणजे आपल्या गडव्याची. आणि त्यांनी विचारलं, की असं भांडं नव्यानं घडवायचं तर कशाकशाचा विचार करावा लागेल? त्यात पाणी किती मावावं? ते उचलणारा हात बाईचा की पुरुषाचा? ते डोक्यावर न्यायचं की कमरेवर? ओतताना तोल कसा राहील? घासताना आतपर्यंत हात जाईल का? हाताला ते कसं लागेल, त्याचा आवाज कसा येईल, किंमत किती होईल, आणि मोडीत गेलं तर किती वसूल होईल?

श्रोतेहो, दुकानात उभं राहिल्यावर हेच प्रश्न मनात ठेवा. प्लेट एका हातात धरा. भरल्यावर ती आजीला उचलता येईल का? वाटीच्या तळाशी खाच असेल तर तिथं मळ साचतो. पेला फार निमुळता असेल तर आत घासणी पोचत नाही. सहा ताटं एकावर एक ठेवून बघा. ती नीट बसली तर लहान स्वयंपाकघरातही जागा पुरते. भांडं देखणं आहे की नाही, हे या साऱ्या कसोट्यांनंतरच ठरतं.

आता धातू आणि मातीकडे येऊ. सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ अजूनही स्टीलच. न गंजणारं हे पोलाद १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात हॅरी ब्रिअर्ली यांनी बनवलं, आणि आपल्याकडे त्यानं स्वयंपाकघर व्यापून टाकलं. स्टील घेताना ग्रेड विचारा. ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ते आंबट-खारटाला चांगलं टिकतं. २०२ मध्ये निकेल कमी, मँगनीज जास्त, म्हणून ते स्वस्त पडतं. चुंबक चिकटलं नाही म्हणजे माल उत्तम, असं काही दुकानदार सांगतात. पण चुंबक २०२ लाही सहसा चिकटत नाही, त्यामुळं या परीक्षेवर विसंबू नका. बिलावर ग्रेड लिहून घ्या आणि आयएसआय चिन्ह बघा. केंद्र सरकारनं २०२४ साली स्टीलच्या भांड्यांसाठी ते आवश्यक केलं आहे. आणि स्टील आजचं दिसावं असं वाटत असेल, तर चकचकीत पॉलिशऐवजी मंद, मॅट पॉलिशचं ताट घ्या. त्याच्यावर ओरखडे कमी दिसतात, आणि अन्नाचा रंग खुलतो.

ओपल काच म्हणजे दुधी रंगाची कडक केलेली काच. ती हलकी असते, रोज वापरता येते आणि वासही धरत नाही. मात्र ती थेट आचेवर ठेवू नये, आणि तापलेली प्लेट गार पाण्यात घालू नये. मेलामाइनची भांडी स्वस्त आणि रंगीत असतात, पडली तरी फुटत नाहीत. पण ती मायक्रोवेव्हमध्ये कधीही ठेवू नका. उकळता रस्सा किंवा गरम आंबट पदार्थही त्यात वाढू नका. नाश्त्याचे पोहे, फळं, कोरडा खाऊ इतक्यापुरतीच ती ठीक आहेत.

चिनी मातीची हौस असेल तर उत्तर प्रदेशातल्या खुर्जा गावचे बाऊल आणि कप देशभर मिळतात, आणि ते महाग नसतात. आपल्या विदर्भातही चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला ग्रामोदय संघ आहे. कृष्णमूर्ती मिरमिरा या गांधी विचाराच्या कार्यकर्त्यानं तो उभा केला आणि कुंभारकामाला नव्या तंत्राची जोड दिली. घराजवळच्या मातीतून घडलेला, हातानं रंग चढवलेला एखादा वाडगा मिळाला तर जरूर घ्या. फक्त तो जेवणासाठीच बनवला आहे ना, त्याच्या चकाकीत शिसं नाही ना, एवढं विचारून घ्या.

आणि आता पितळ. पितळ घरातून का गेलं, हे आपण समजून घेतलं पाहिजे. चिंच आणि राख घेऊन गुंड-पराती घासण्याचं काम बायकांच्या हातांनी वर्षानुवर्षं केलं. कल्हई उडाली की कल्हईवाल्याची वाट बघावी लागे. स्टील आलं आणि त्या हातांना विसावा मिळाला. ती सुटका योग्यच होती. म्हणून सगळं स्वयंपाकघर पुन्हा पितळेचं करा, असं मी म्हणणार नाही. मी म्हणते, वाढण्याच्या भांड्यांपैकी मोजके नग पितळेचे ठेवा. भाकरी-पोळीसाठी एक उथळ कोपर, भातासाठी एक वाडगा, पाण्याचा एक गडवा. एवढी तीन भांडी घासायला वेळ लागत नाही. पांढऱ्या प्लेटा आणि मधे पिवळं पितळ, एवढ्यानंच जेवणाची जागा सुंदर होते. पितळेची वाटी काचेच्या प्लेटमधे मात्र ठेवू नका. धातूच्या करड्या रेघा काचेवर उमटतात. ती शेजारी ठेवा.

या तीन नगांचा खर्चही फार नाही, कारण अर्धी रक्कम आपल्याच माळ्यावर पडून आहे. नळ आला, प्लास्टिकची टाकी आली आणि गुंड माळ्यावर गेला. त्यातला फुटका, चेपलेला नग मोडीत द्या. मोड समोर तोलून घ्या, मोडीचा भाव आणि नव्या मालाची घडणावळ वेगवेगळी विचारा आणि पावती घ्या. पण आजीचं नाव कोरलेला, धडधाकट गुंड मोडू नका. तो घासून-पुसून वापरात आणा. आंबट पदार्थ, म्हणजे ताक, कढी, चिंचेचं सार, बिनकल्हईच्या पितळेत वाढू नयेत, कारण आंबटानं तांबं अन्नात उतरतं. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. कथील २३२ अंशांना वितळतं. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर टाकतो आणि कापसाच्या बोळ्यानं कथील आतून फिरवतो. आत पिवळं दिसू लागलं की पुन्हा कल्हई करायची. काशाच्या थाळीत साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील असतं. ती सुंदर असते, पण आपटली तर तडकते, हे लक्षात ठेवा.

माझं सर्वांत मनापासूनचं सांगणं आता येतं. कासाराकडे जाऊन जे मांडलेलं आहे त्यातूनच निवडलं पाहिजे, असं नाही. त्याला सांगा, मला दहा इंचांचं, हलकं, उभ्या काठाचं, कल्हईचं ताट हवं. नक्षी नको, एकात एक बसेल असं हवं, हातोडीचे ठोके दिसले तरी चालतील. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत असाच बदल झाला. तिथल्या तांबटांचं मठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची नक्षी, पूर्वी बंबांवर आणि घंगाळांवर दिसायचं. आता ते ट्रे, बाऊल आणि दिव्यांवर आलं आहे. पंजाबातल्या जंडियाला गुरू इथल्या ठठेरा कारागिरांच्या पितळ-तांब्याच्या कलेला युनेस्कोनं २०१४ साली मानवतेच्या वारशाच्या यादीत घेतलं. तोच धातू, तेच ठोके भंडाऱ्याच्या हातांत आहेत. गिऱ्हाईक गुंड मागत होतं तोवर गुंड घडले. आज गिऱ्हाइकाला वेगळं काही हवं असेल, तर ते त्याच्या तोंडून कारागिरापर्यंत पोचायला हवं. ऑर्डर दहा-बारा घरांनी मिळून दिली तर घडणावळही कमी बसते. बचत गटातल्या बायकांना हे सहज जमेल.

मोठ्या पंगतीसाठी तर आपल्याकडे पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण आहेतच. महाराष्ट्रानं मार्च २०१८ मधे थर्माकोलच्या ताटांवर बंदी आणली. पळस आपल्या शिवारात उगवतो, आणि पत्रावळी शिवणाऱ्या हातांना चार पैसे मिळतात.

शेवटी एकच विनंती. चांगली भांडी कपाटात कोंडून पाहुण्यांची वाट बघू नका. घरात कष्ट करून दमलेलं माणूस संध्याकाळी जेवायला बसतं, त्याच्यापुढे ती मांडा. लेकीच्या आंदणात दिखाऊ सेट देण्यापेक्षा तिला विचारून सहा सुटी ताटं आणि भंडाऱ्याचा एक कोपर द्या. धनत्रयोदशीला एखादं भांडं आपण घेतोच. या वर्षी ते घ्यायला पूल ओलांडा, कासाराला आपल्या मापाचं ताट सांगा, आणि ते घरी आलं की दुसऱ्याच दिवसापासून त्यात जेवायला सुरुवात करा.