खंड पडला, पात्रता नाही

(संस्थेच्या शिक्षिका मेळाव्यात एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा हा संक्षेप. मेळाव्याला न येऊ शकलेल्या अनेक भगिनींनी मागणी केल्यावरून येथे देत आहोत. – संपादक)



जव्हार-मोखाड्याच्या शाळांत मी एकतीस वर्षं शिकवलं. तुमच्यापैकी काही जणी माझ्याच वर्गात अ-आ-ई शिकल्या आहेत, म्हणून आज भाषण करण्यापेक्षा बोलणार आहे. विषय कोरडा वाटेल, पण तुमच्यातल्या निम्म्या जणींच्या घरात तो पेटीत बंद होऊन पडलेला आहे. डी.एड. झालं, टीईटी पास झाली, मग लग्न झालं, लेकरं झाली, सासूचं आजारपण आलं, दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जावं लागलं. शिकवणं थांबलं. आता त्या कागदांचं काय?

या प्रश्नाचं उत्तर चुकीचं कळलं की काय होतं ते आधी सांगते. नाव सांगत नाही, कारण ती इथेच बसली आहे आणि तिने मला तेवढी एकच अट घातली आहे. कोकणा समाजाची ही मुलगी. २०१३ च्या डिसेंबरमध्ये राज्यात पहिल्यांदा टीईटी झाली, त्यात ती पास झाली. तिच्या पाड्यावरची ती पहिलीच. प्रमाणपत्राची मुदत सात वर्षं होती. पुढे दोन बाळंतपणं झाली, खंड पडला. सात वर्षं भरली तशी तिने पेटी बंद केली ती केलीच. २०२२ ची शिक्षक अभियोग्यता चाचणी जाहीर झाली, परीक्षा २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली. हिने अर्जच भरला नाही. पुढे वर्षभराने ती माझ्याकडे आली ती अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागता येईल का हे विचारायला. म्हणाली, "बाई, माझं टीईटीचं सर्टिफिकेट सडलं."

ते सडलेलं नव्हतं. जून २०२१ मध्येच केंद्र सरकारने टीईटी प्रमाणपत्राची सात वर्षांची मुदत काढून टाकली आणि ते आजीवन केलं. तेही २०११ पासून मागे जाऊन. म्हणजे ज्यांची सात वर्षं संपून गेली होती त्यांचीही प्रमाणपत्रं पुन्हा जिवंत झाली. ही बातमी पुण्या-मुंबईच्या पेपरात आली. डोंगरावरच्या पाड्यापर्यंत ती पोचायला तीन वर्षं लागली, आणि त्या तीन वर्षांत एक अख्खी भरती निघून गेली. तिच्यात बुद्धीची कमी नव्हती, कष्टाचीही नव्हती. एक ओळ तिला कोणी वाचून दाखवली नाही, एवढंच.

म्हणून आज चार गोष्टी नीट वेगळ्या करून सांगते. कोणता कागद टिकतो, कोणता टिकत नाही, कोणता बदलता येतो आणि कोणता आपल्या हाताने फाडायचा नाही.

पहिली गोष्ट, टिकणारे कागद. तुमचं डी.एड. किंवा आताचं डी.एल.एड. कधीच जुनं होत नाही. टीईटी आता आजीवन आहे, मग ती राज्याची असो वा केंद्राची सीटीईटी. गुण कमी असतील तर पुन्हा बसून वाढवताही येतात. जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र हेही टिकतं. इथे बऱ्याच जणी गोंधळतात. लग्नानंतर आडनाव बदललं तरी जात बदलत नाही, जमात जन्माने म्हणजे वडिलांकडून येते. दाखला माहेरच्या नावाचाच राहतो. नावातला फरक दाखवायला विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद लागते. ती नोंद आत्ताच करून घ्या. अर्जाची शेवटची तारीख चार दिवसांवर आली की तालुक्याला खेपा घालणं बाळ कडेवर घेऊन जमत नाही.

दुसरी गोष्ट, न टिकणारे कागद. टीईटी आणि टेट ही दोन नावं कानाला सारखी लागतात, म्हणून घोटाळा होतो. टीईटी म्हणजे पात्रता. ती आजीवन. टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. दोनशे प्रश्न, दोनशे गुण, दोन तास, संगणकावर. त्या गुणांवर पवित्र पोर्टलमधून निवड होते. हे गुण त्या-त्या भरतीपुरते धरायचे. २०१७, मग २०२२, मग २०२५, अशी ही चाचणी मोठ्या अंतराने होते. एक चुकली तर पुढची केव्हा ते आपल्या हातात नाही. आणि वय थांबत नाही. सरळसेवेला खुल्या गटासाठी ३८ आणि मागास प्रवर्गासाठी ४३ वर्षांची मर्यादा आहे. तिशीच्या आत लग्न-बाळंतपणं झालेल्या मुलीला हा हिशोब मांडून पाहावाच लागतो. घरात राहा, मुलं वाढवा, भट्टीवर जावं लागलं तर जा, पण चाचणीची जाहिरात आली की अर्ज भरायचा हे घरात आधीच ठरवून ठेवा. नवऱ्यालाही बसवून सांगा. त्यालाही हे माहीत असलं पाहिजे.

तिसरी गोष्ट, बदलता येणारी पात्रता. खंडाचा काळ म्हणजे वाया गेलेला काळ असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. तुमच्याकडे डी.एड. आणि टीईटीचा पहिला पेपर असेल तर तुम्ही पहिली ते पाचवीसाठी पात्र. सहावी ते आठवीला शिकवायचं तर पदवी आणि दुसरा पेपर लागतो. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. घरी राहून, मराठीतून करता येतं. तीन वर्षं लागतात. मूल तीन वर्षांचं होईतो आई पदवीधर. हे करणाऱ्या दोघी मी स्वतः पाहिल्या आहेत.

ज्यांचं बी.एड. झालंय त्यांनी उलट बाजूने सावध राहायचं. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही, तिथे डी.एल.एड. लागतं. म्हणून बी.एड.वाल्या मुलीने पहिल्या पेपरमागे दोन वर्षं घालवू नयेत, दुसऱ्या पेपरकडे आणि वरच्या वर्गांकडे बघावं.

पहिल्या पेपरचा अभ्यास फार लांबचा नाही. बालमानसशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस, एकूण दीडशे गुण. खुल्या गटाला साठ टक्के, आपल्याला पंचावन्न. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पाड्यावर संध्याकाळी पाच मुलं घेऊन बसलात तर यातलं निम्मं आपोआप ताजं राहतं, आणि त्या मुलांचंही भलं होतं.

चौथी गोष्ट ज्या नोकरीत आहेत त्यांच्यासाठी. बाळंतपण, आजारी मूल, म्हातारे सासू-सासरे, या काळात घरून एकच वाक्य येतं, "सोड ती नोकरी." माझ्या धाकट्या मुलाच्या वेळी मलाही ते ऐकावं लागलं. बाळंतपणाची रजा संपली, मूल अशक्त, पाड्यावर दवाखाना नाही. मी बिनपगारी रजेचा अर्ज दिला, अकरा महिने घरी राहिले. पगार गेला, घरात ओढाताण झाली, पण सेवापुस्तकात नोंद झाली "असाधारण रजा". पुढे निवृत्तीच्या वेळी त्या एका नोंदीची किंमत कळली. मंजूर रजा असली की सेवा एकसंध राहते. राजीनामा दिला की नियमाप्रमाणे आधीची सेवा गळून जाते. न सांगता गैरहजर राहिलात तर सेवेत खंड लावला जाऊ शकतो. बाहेरून तिन्हींत बाई घरीच बसलेली दिसते, कागदावर मात्र या तीन निराळ्या बायका आहेत.

तुमच्या वेळी तर सोयी जास्त आहेत. प्रसूती रजा १८० दिवसांची. शिवाय २०१८ पासून राज्यात बाल संगोपन रजा मिळते, पूर्ण सेवेत १८० दिवस, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. आधी या रजा वापरा, मग असाधारण रजेचा अर्ज करा. राजीनाम्याचा कागद कोणी पुढे केला तर त्या दिवशी सही करू नका, घरी या, चार दिवस विचार करा.

नोकरीतल्या बहिणींना आणखी एक महत्त्वाचं. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. ज्यांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरली आहे आणि ज्यांनी टीईटी दिलेली नाही, त्यांनी ती दोन वर्षांत पास व्हायची, नाहीतर सेवा संपते. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना निवृत्तीपर्यंत राहता येईल, पण टीईटीशिवाय बढती नाही. म्हणून रजेवर जाताना हा काळही आपल्याबरोबर थांबेल असं गृहीत धरू नका. बाळाला मांडीवर घेऊन अभ्यास करावा लागला तरी करा.

आता एक इशारा. खंड पडलेली बाई घाबरलेली असते आणि घाबरलेल्या माणसाजवळ दलाल लवकर पोचतो. "तुमची टीईटी रिन्यू करून देतो, एवढे द्या," असं कोणी म्हणालं तर दारातूनच परत पाठवा. आजीवन प्रमाणपत्राला नूतनीकरण नसतं. २०१९ च्या टीईटीत गैरप्रकार उघड झाले, साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. दिलेले पैसे बुडतातच, वर नावही जातं.

हे सगळं मी इतक्या पोटतिडकीने का सांगते? जव्हार-मोखाड्याच्या पहिलीच्या वर्गात मूल येतं ते वारली, कोकणा, कातकरी बोली घेऊन. बाईंनी पुस्तकातल्या मराठीत पाणी मागितलं तर ते मूल भिंतीला टेकून गप्प राहतं. त्याच्या बोलीत दोन शब्द बोलणारी बाई मिळाली की तेच मूल आठवड्यात पुढच्या रांगेत येऊन बसतं. बाहेरून आलेली शिक्षिका चांगली असली तरी पहिलं वर्ष तिचं बोली कळण्यातच जातं, आणि बऱ्याचदा तिची बदली होते. तुम्ही या मातीतल्या आहात. राज्यपालांनी ऑगस्ट २०१९ च्या अधिसूचनेत अनुसूचित क्षेत्रातल्या ज्या १७ संवर्गांची पदं स्थानिक आदिवासींसाठी ठेवली, त्यांत शिक्षकही आहे. तुमच्यातली एक पेटी बंद राहिली की एक वर्ग गप्प राहतो.

घरी गेल्यावर एवढं करा. पेटी उघडा. डी.एड.च्या दोन्ही वर्षांच्या गुणपत्रिका, टीईटीचं प्रमाणपत्र, जातीचा दाखला, वैधता, अधिवास दाखला, विवाह नोंदणी, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. आपल्याकडचा पाऊस कुडाच्या घरात कागद ठेवत नाही. परीक्षेचं वर्ष आणि बैठक क्रमांक वहीत वेगळा लिहा. एक-एक झेरॉक्स संस्थेच्या कार्यालयात ठेवा. कार्यकर्त्यांनी मान्य केलं आहे की दर शनिवारी इथे एक जण बसेल, नव्या जाहिराती वाचून दाखवेल आणि अर्ज भरायला मदत करेल. मीही महिन्यातून दोन शनिवार येणार आहे.

आणि ती मुलगी? २०२५ च्या मे-जूनमध्ये झालेली चाचणी तिने दिली. गुण आले आहेत, आता पवित्र पोर्टलवरच्या जाहिरातीकडे डोळे लावून बसली आहे. निवड होईल की नाही हे मी सांगू शकत नाही. या वेळी तिचा अर्ज आत आहे, एवढं मात्र सांगू शकते. पुढच्या वेळी तुमचाही असू द्या.