स्मिता पाटीलचा उंबरठा

एटापल्लीला एकदा आम्ही मुलांना ‘जैत रे जैत’ दाखवला. १९७७ सालचा, जब्बार पटेलांचा चित्रपट. सह्याद्रीतल्या ठाकरांची गोष्ट. त्यातली चिंधी नवऱ्याला सोडून येते आणि नाग्यावर जीव लावते. स्मिता पाटीलनं ती अशी उभी केली आहे की आम्ही मास्तर मंडळी जरा अवघडूनच बसलो होतो. चित्रपट संपला, तशी एका माडिया मुलीनं विचारलं, “सर, पहिल्या नवऱ्याची भरपाई कोण देणार?”

प्रश्न रोकडा होता. माडियांत असा वाद पंचांपुढे जातो, भरपाई ठरते, बाई नव्या घरी नांदते. ठरवणारे बहुधा पुरुषच, तेव्हा त्याचं फार कौतुक नको. पण वाट असते.

आता त्याच वर्षीची ‘भूमिका’ घ्या. हंसा वाडकरांच्या आत्मकथेवरून श्याम बेनेगलांनी केलेली. त्यातली उषा नवऱ्याला कंटाळून एका श्रीमंताच्या वाड्यात जाते. तिथं मान आहे, पण दाराबाहेर पडायची मुभा नाही. आणि सोडवायला शेवटी यावं लागतं कुणी? त्याच नवऱ्यानं! या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा स्मिताबाईंनी नुकतीच विशी ओलांडली होती.

‘उंबरठा’ १९८२चा, आपला गडचिरोली जिल्हा चांद्यातून वेगळा झाला, त्याच सालचा. त्यातल्या सुलभा महाजनला प्रियकर नाही. ती स्त्रियांच्या आश्रमात नोकरीला जाते, एवढाच तिचा गुन्हा. पण लहान मुलगी मागं ठेवून जाते, आणि शिकलेल्या माणसांनाही ते चिंधीच्या पळून येण्याहून जड वाटतं. ती परतते तेव्हा नवऱ्यानं दुसरी बाई जवळ केलेली असते, आणि तिनं ते समजून घ्यावं अशी त्याची अपेक्षा! सुलभा पुन्हा निघते.

एके ठिकाणी मात्र मला सुलभाचाच राग येतो. आश्रमातल्या दोघी एकमेकींवर प्रेम करतात, तर हीदेखील त्यांना रोगीच समजते. असलं प्रेम गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं ते २०१८ साली.

स्मिताबाई १९८६ साली गेल्या, अवघ्या ३१व्या वर्षी.

पुढच्या महिन्यात वर्गाला ‘उंबरठा’ दाखवायचा आहे. ती मुलगी या वेळी काय विचारील, याची मला आतापासूनच धास्ती वाटते आहे.