सुभेदार रामजींचं घर



आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, आंबडवे नावाचं गाव आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव म्हणून दूरदूरहून लोक तिथे येतात. आज मी त्यांच्या वडिलांविषयी बोलणार आहे. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. निवृत्त फौजी, कबीरपंथी आणि हाडाचा मास्तर.

रामजींचे वडील मालोजीही पलटणीतच होते. कोकणातल्या महार कुटुंबांना गावकीच्या कामातून सुटायची त्या काळी एक वाट होती, ती म्हणजे फौज. तिथे हातात बंदूक आली, तशी पाटीही आली. सैनिकांच्या मुलामुलींसाठी पलटणीत शाळा असायची, मोठ्यांसाठी रात्रीचे वर्ग असायचे. रामजींनी पुण्यात शिक्षकाचं शिक्षण घेतलं, पलटणीच्या शाळेत शिकवलं, मुख्याध्यापक झाले आणि सुभेदाराच्या हुद्द्यावर पोहोचले. गावच्या शाळेत ज्यांच्या पोरांना पायरीही चढता येत नव्हती, त्यांच्यातला एक माणूस एकोणिसाव्या शतकात छावणीत शाळा चालवत होता. मुलांनो, याचं मोल जरा मनात तोलून बघा.

निवृत्त झाल्यावर ते कुटुंबाला घेऊन दापोलीला आले. कॅम्प दापोलीत तेव्हा पेन्शनर फौजींची वस्ती होती. गोपाळबाबा वलंगकर हेही त्यांच्यातलेच. त्यांनी १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहून अस्पृश्यतेवर थेट प्रश्न विचारले. पुढे सरकारने महारांची फौजेतली भरतीच बंद केली. तेव्हा त्याविरुद्धच्या अर्जासाठी रामजी न्यायमूर्ती रानड्यांकडे गेले होते, असं बाबासाहेबांचे चरित्रकार धनंजय कीर लिहितात. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावं लागलं. रामजींना ते दिसलं नाही.

दापोलीहून घर साताऱ्याला हललं. तिथे स्टोअरकीपरची नोकरी, मग कोरेगावला दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता तिथे खजिनदारी. सुभेदार राहिलेल्या माणसाने पडेल ते काम केलं. पण मला जास्त सांगायचं आहे ते त्यांच्या घरातल्या पोथीवाचनाविषयी.

रामजींच्या घरी रामायण-महाभारत वाचलं जायचं. वाचायचं मुलांनी, ऐकायला बहिणी आणि जमलेली शेजारची माणसं. अनेक वर्षं हे चाललं. भीमराव, म्हणजे आपले बाबासाहेब, इंग्रजी चौथी पास झाले तेव्हा वस्तीतल्या लोकांनी सत्कार करायचं ठरवलं. रामजी साफ नाही म्हणाले. पोरगा एक परीक्षा पास झालाय, एवढ्याने त्याच्या डोक्यात हवा जाईल, असं त्यांचं म्हणणं. शेवटी कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी गळ घातली तेव्हा कुठे ते राजी झाले. त्या सभेत केळुसकरांनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भीमरावांना दिलं.

ते पुस्तक वाचून मुलाने वडिलांना विचारलं, ज्या ग्रंथांत शूद्रांना हीन लेखलं आहे, तेच तुम्ही आम्हाला का वाचायला लावता? रामजी रागावले आणि त्याला गप्प केलं. काही दिवसांनी मुलाने तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी वडिलांकडे उत्तर तयार होतं. आपण अस्पृश्य म्हणून तुमच्या मनात कमीपणा येईल. तो जावा म्हणून मी हे वाचून घेतो. कर्ण बघा, द्रोण बघा, वाल्मीकी बघा, लहान घरातली माणसं कुठवर पोहोचली! मुलाला त्यात तथ्य वाटलं, समाधान मात्र झालं नाही.

मला या प्रसंगात रामजी फार मोठे वाटतात. शिस्तीचा फौजी, श्रद्धाळू कबीरपंथी, बापाचा शब्द शेवटचा मानणारा तो काळ. तरीही लेकाच्या प्रश्नावर हा माणूस विचार करत राहिला आणि उत्तर घेऊन आला. श्रद्धा अशी असावी, असं माझं ठाम मत आहे.

मुंबईत आल्यावर परळच्या चाळीत एकच खोली. त्यात सगळा संसार. रामजी मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग त्याला अभ्यासाला उठवून आपण आडवे व्हायचे. मुलाला पुस्तक हवं असलं आणि खिशात पैसे नसले, तर लग्न झालेल्या लेकींकडे जायचे, त्यांचा दागिना गहाण ठेवायचे आणि पेन्शन आली की सोडवून परत द्यायचे. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले. त्यांची कहाणी ज्यांच्या लेखणीतून घरोघरी पोहोचली, ते धनंजय कीर त्याच वर्षी एप्रिलमध्ये या रत्नागिरीत जन्मले.

पोथीवाचनाचा तो प्रसंग आपल्याला कळला, कारण बाबासाहेबांनी तो १९५६ मध्ये स्वतः लिहून ठेवला. मुलाने लिहिलं नसतं, तर सुभेदार रामजी हे एका ओळीतलं नाव राहिलं असतं.

तुमच्या वाडीतही एखादे निवृत्त फौजी आजोबा असतील. सकाळी देवळात दिवा लावणारे, मग कुणाचा पंप, कुणाच्या घराची कौलं, शाळेचा गळका नळ दुरुस्त करून देणारे आणि पैसे विचारले तर रागावणारे. त्यांच्याविषयी कुणी काही लिहिलेलं नाही. मे महिन्याच्या सुट्टीत वही घेऊन त्यांच्या ओटीवर बसा. कुठल्या पलटणीत होतात, कुठे कुठे राहिलात, हे हातातलं काम कुणी शिकवलं, देवाला काय मागता, सगळं विचारा. ते सांगतील तसं, त्यांच्याच बोलीत उतरवा. आणि शिक्षकांना माझी विनंती आहे, पुढच्या वर्षीच्या हस्तलिखितात ते लेख घ्या. वाचायला मी नक्की येईन.