ओळख पटविणारें छायाचित्र

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांत जांब हें एक लहानसें गांव आहे. शके १५३०, म्हणजे सन १६०८, च्या रामनवमीस सूर्याजीपंत ठोसर यांच्या घरीं येथें नारायण जन्मला आणि पुढें समर्थ रामदास या नांवानें सर्व महाराष्ट्रास वंद्य झाला. त्यामुळें गांवालाही जांब समर्थ हेंच नांव रूढ झालें. या गांवच्या राममंदिरांतून सन २०२२ च्या ऑगस्ट महिन्यांत पंचधातूच्या जुन्या मूर्ती चोरीस गेल्या. त्याच वर्षीं पोलिसांच्या तपासास यश आलें आणि देव पुन्हां हातीं लागले.

देव परत मिळाले हें जांबचें भाग्य. परंतु प्रत्येक गांवाच्या वांट्यास तें येतेंच असें नाहीं. चोरीस गेलेली मूर्ति शेंकडों कोसांवर एखाद्या पेढीवर किंवा एखाद्या संग्राहकाच्या दिवाणखान्यांत सांपडली, म्हणजे पहिला प्रश्न असा उभा राहतो कीं, ही मूर्ति त्याच देवळांतली कशावरून? पुजाऱ्याला ती पाहतांक्षणींच ओळखतां येते. ज्या हातांनीं तिला रोज स्नान घातलें, त्या हातांना तिची प्रत्येक झीज पाठ असते. पण हातांची ही ओळख कागदावर उतरलेली नसते, आणि तपास करणाऱ्या अधिकाऱ्यापुढें व न्यायालयापुढें कागद लागतो. अशा वेळीं घरोघरीं छायाचित्रांचा शोध सुरू होतो. छायाचित्रें पुष्कळ निघतात. पण तीं बहुधा उत्सवाचीं असतात. देव वस्त्रालंकारांनीं नटलेले, गळ्यांत हार, कपाळीं गंध, पुढें समयांचा पिवळा उजेड आणि वर फ्लॅशचा पांढरा लखलखाट! भक्ताला त्यांत देव दिसतो. शोध घेणाऱ्याला मात्र मूर्ति दिसत नाहीं.

या गोष्टीचा विचार पुष्कळ देशांत झालेला आहे. सन १९९७ मध्यें ‘ऑब्जेक्ट आयडी’ या नांवाचा एक आंतरराष्ट्रीय नमुना प्रसिद्ध झाला. कलावस्तूची नोंद कशी करावी, हें त्यांत सोप्या शब्दांत सांगितलें आहे. आणि त्यांतली पहिली सूचना छायाचित्रें घेण्याची आहे. त्यानंतर वस्तूचा प्रकार, धातु किंवा दगड, मापें, कोरलेलीं अक्षरें आणि मग ती वस्तु इतर सारख्या वस्तूंहून वेगळी ठरविणारी खूण, असा क्रम येतो. भारतांतही १९७२ च्या पुरावस्तु व कलानिधि कायद्यानें शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींना पुरावस्तूंचा दर्जा दिला असून, नोंदणीच्या अर्जासोबत छायाचित्रें जोडावीं लागतात. मग प्रश्न उरतो तो एवढाच, कीं खेड्यापाड्यांतील हजारों देवळांतून हीं छायाचित्रें घेणार कोण?

शहरांतला निष्णात छायाचित्रकार सर्वत्र पोंचणें शक्य नाहीं. हें काम गांवच्याच शिक्षकानें, गांवच्याच महाविद्यालयीन मुलामुलींनीं करावयाचें आहे. आणि डीएसएलआर या नांवानें प्रसिद्ध असलेला कॅमेरा हातांत घेऊन चार-पांच दिवस नेटानें शिकल्यास तें त्यांना साधण्यासारखें आहे. छायाचित्रणाची कला आयुष्यभर शिकून संपत नाहीं, हें खरें. परंतु ओळख पटविणारें स्वच्छ, प्रामाणिक छायाचित्र घेणें ही विद्या अल्पकालीन वर्गांत, प्रत्यक्ष हातानें करून, पुरतेपणीं मिळूं शकते.

वर्गांत बसून छायाचित्रण शिकण्याची परंपरा महाराष्ट्रास नवी नाहीं. सन १८५४ मध्यें मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि दुसऱ्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें या विषयाचा वर्ग निघाला. हरिश्चंद्र चिंतामण हे तेथेंच शिकून पुढें मुंबईचे नामांकित छायाचित्रकार झाले. त्या काळच्या ओल्या पट्टीच्या रीतींत कांचेवर रसायनाचा थर द्यावयाचा, तो सुकण्यापूर्वींच चित्र घ्यावयाचें आणि लगेच अंधाऱ्या खोलींत धांव घ्यावयाची, असा सारा खटाटोप असे. आजच्या विद्यार्थ्याला रसायनांनीं हात काळे करावे लागत नाहींत. अलीकडे पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटनेंही सन २०१७ पासून देशांतील निरनिराळ्या शहरांतून आपल्या विद्येच्या विविध अंगांचे अल्पकालीन वर्ग भरविण्याचा उपक्रम हातीं घेतला. विद्या राजधानींतून बाहेर निघाली, तशी ती तालुक्याच्या गांवापर्यंतही जाऊं शकेल.

आतां हें यंत्र कसें चालतें तें पाहण्यासारखें आहे. भिंगांतून आंत आलेला प्रकाश तिरप्या बसविलेल्या एका आरशावर पडतो, तेथून वर वळतो, आणि कांचेच्या पंचकोनी लोलकांतून पाहणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत पोंचतो. म्हणून जें भिंग पाहतें तेंच डोळा पाहतो. बटण दाबतांच आरसा वर उचलला जातो, शटर नांवाची झडप ठरलेला वेळ उघडते, आणि प्रकाश मागील सेन्सरवर पडतो. पूर्वीं फिल्म असे त्या जागीं आज हा सेन्सर आहे. सन १९७५ मध्यें कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या अभियंत्यानें पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला, तेव्हां त्याच्या चित्रांत अवघे दहा हजार ठिपके होते, आणि एक चित्र फितीवर नोंदविण्यास तेवीस सेकंद लागत. आजच्या साध्या डीएसएलआरच्या चित्रांत दोन कोटींहून अधिक ठिपके असतात. गेल्या कांहीं वर्षांत आरसा नसलेले कॅमेरे पुढें आले असून मोठ्या कारखानदारांचें लक्ष तिकडे वळलें आहे; पण शिकावयाचे धडे दोहोंचेही तेच आहेत, आणि एकाचे वापरलेले डीएसएलआर दुसऱ्याला शिकण्यास उत्तम उपयोगीं पडतात.

हे धडे मुख्यतः तीन. भिंगाचें छिद्र किती उघडावें, झडप किती वेळ उघडी ठेवावी, आणि सेन्सरची संवेदनक्षमता, म्हणजे आयएसओ, किती ठेवावी. छिद्राचा आंकडा ४ वरून ५.६ वर नेला कीं प्रकाश निम्मा होतो. झडपेचा वेळ एका सेकंदाच्या साठाव्या भागावरून तिसाव्या भागावर आणला कीं तो पुन्हां दुप्पट होतो. हे आंकडे फळ्यावर लिहून पाठ करणारा विद्यार्थी चार दिवसांत ते विसरतो. चांगल्या वर्गांत शिक्षक एक तांब्या टेबलावर ठेवतो, त्याच्या मागें हातभर अंतरावर एक छापील कागद टांगतो, आणि आयएसओ न बदलतां तीन चित्रें घ्यावयास सांगतो: छिद्र ४ व वेळ एकशें पंचविसावा भाग, छिद्र ८ व वेळ तिसावा भाग, छिद्र १६ व वेळ आठवा भाग. तिन्ही चित्रांत उजेड सारखाच येतो. परंतु पहिल्यांत तांब्या रेखीव व मागचा कागद धूसर. तिसऱ्यांत कागदावरील अक्षरें बरींच स्पष्ट होतात, पण कॅमेरा हातांत धरला असल्यास सारेंच चित्र हललेलें! छिद्र आणि वेळ यांचें नातें एवढ्या एका प्रयोगानें जन्मभर लक्षांत राहतें. तिपाई कशासाठीं लागते, हें मग कोणी सांगावें लागत नाहीं.

थोड्या दिवसांत हें शिक्षण साधतें त्याचें खरें कारण असें, कीं डिजिटल कॅमेऱ्यांत चूक त्याच क्षणीं दिसते. फिल्मच्या दिवसांत छत्तीस चित्रें घेऊन तीं धुऊन येईपर्यंत आठवडा जाई, आणि तोंवर कोणतें चित्र कसें घेतलें याची आठवण पुसट होई. आज चित्र मागच्या पडद्यावर येतें, आणि त्यासोबत छिद्र, वेळ, तारीख यांची नोंदही आपोआप होते. म्हणून वर्गांत प्रत्येकाच्या हातांत कॅमेरा हवा. दहाजणांत एक कॅमेरा आणि शिक्षकाचें लांबलचक व्याख्यान असा वर्ग कितीही दिवस चालला, तरी त्यांतून फारसें निष्पन्न होत नाहीं. पोहण्याचे धडे कांठावर बसून घेतां येत नाहींत.

खिशांतल्या फोननें हें काम होणार नाहीं काय, अशी शंका साहजिक आहे. कांहींच नसण्यापेक्षां फोनचें चित्र केव्हांही बरें. परंतु फोन उजेडाचे, रंगाचे व रेखीवपणाचे निर्णय स्वतःच घेतो आणि चित्र देखणें करून देतो. येथें देखणेपणा दुय्यम आहे. मूर्ति आहे तशी दिसली पाहिजे.

धातूची मूर्ति ही छायाचित्रकाराची परीक्षाच असते. पंचधातूवर फ्लॅश टाकला कीं मध्यें पांढरा डाग उमटतो, आणि नाक-डोळ्यांची घडण त्यांत बुडून जाते. म्हणून फ्लॅश बंद करावा. दाराकडून येणारा उजेड एका स्वच्छ पांढऱ्या धोतराच्या पडद्यांतून गाळून घ्यावा, आणि दुसऱ्या बाजूस पांढरा पुठ्ठा धरून सांवली सौम्य करावी. कॅमेरा तिपाईवर, मूर्तीच्या मध्याच्या उंचीवर, आयएसओ १००, छिद्र ८ किंवा ११, मग वेळ एक सेकंद लागला तरी चिंता नाहीं. बोटाच्या धक्क्यानें कॅमेरा हलूं नये म्हणून दोन सेकंदांनीं आपोआप चित्र घेणारी कळ वापरावी. समयांच्या उजेडानें रंग पिवळा पडतो; यासाठीं आधीं एक करडा कागद त्याच उजेडांत टिपून कॅमेऱ्याला रंगाचा तोल शिकवावा.

मूर्तीचें एकच चित्र पुरत नाहीं. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनीं, वरून आणि शक्य तर बैठकीच्या तळाचेंही चित्र घ्यावें. शेजारीं मोजपट्टी ठेवावी. त्यानंतर जवळून टिपावयाच्या त्या खुणा: झिजलेलें बोट, जुना डाग, ओतकामांत राहिलेली खळी, पाठीवर कोरलेलें अक्षर. भक्त ज्या व्यंगाकडे डोळेझांक करतो, तेंच येथें मूर्तीचें सर्वांत विश्वासू साक्षीदार ठरतें; कारण घडणीची नक्कल करतां येते, पण काळाच्या झिजेची हुबेहूब नक्कल फार कठीण आहे.

हें सर्व पुजाऱ्यांच्या व विश्वस्तांच्या संमतीनें, आणि अभिषेकाच्या वेळीं देव वस्त्रालंकारांविना असतात तेव्हांच, व्हावयाचें असतें. विद्यार्थ्यानें गाभाऱ्याची मर्यादा पाळावी. मूर्ति पुजाऱ्यानेंच हलवावी. कॅमेऱ्याशिवाय शिकण्याचा हाही एक भाग आहे. चित्रें घेतल्यावर मापें व वर्णन वहींत लिहून, प्रत्येक चित्राला क्रमांक देऊन, त्यांच्या निदान तीन प्रती कराव्या. त्यांपैकीं एक गांवाबाहेर ठेवावी. देवळाच्या कुलपांची, दारांची अगर मौल्यवान अलंकारांची चित्रें मात्र चारचौघांत फिरवूं नयेत. जें रक्षणासाठीं केलें तेंच चोराला वाटाड्या व्हावयाचें!

प्रतींचें महत्त्व किती, याचें एक उदाहरण याच मराठवाड्यांतलें आहे. रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी सन १८४४ मध्यें अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती रंगविण्याच्या कामीं नेमला गेला. वर्षानुवर्षें खपून त्यानें काढलेल्या रंगीत प्रतींपैकीं बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें सन १८६६ च्या आगींत जळून गेल्या. परंतु मध्यंतरीं गिलनें कॅमेरा हातीं घेतला होता. त्यानें घेतलेलीं लेण्यांचीं छायाचित्रें सन १८६४ मध्येंच पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं होतीं, आणि तीं आजही अभ्यासकांच्या उपयोगीं पडतात. एक हाताची प्रत एकाच जागीं असते आणि एका ठिणगीनें नाहींशी होते. छायाचित्र अनेक ठिकाणीं एकाच वेळीं जिवंत राहूं शकतें.

छायाचित्र म्हणजे कुलूप नव्हे. चोराला तें अडवूं शकत नाहीं, आणि मूर्तीची जागाही तें घेऊं शकत नाहीं. परंतु हरवलेला देव सांपडला असतां, ‘हा आमचा’ असें गांवाला ठामपणें म्हणतां यावें, एवढें बळ त्यांत निश्चित आहे. त्यासाठीं लागणारी गुंतवणूक म्हणजे एक वापरलेला कॅमेरा, एक तिपाई, एक पांढरें धोतर आणि गांवांतल्या चार तरुणांचे पांच दिवस. जांबच्या राममंदिरांत नवमीच्या उत्सवाला दर वर्षीं कॅमेरे पुष्कळ येतात. उत्सव संपल्यावर, गर्दी ओसरल्यावर आणि हार उतरल्यावर, त्यांतला एखादा कॅमेरा शांतपणें तिपाईवर लागला, तर त्या गांवाची व त्याच्यासारख्या कितीतरी गांवांची एक मोठी काळजी हलकी होईल.