परदेशी शिकताना आपले मुसलमानपण

(संस्थेच्या वार्षिक समारंभात एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)





ज्या शाळेत मी बाराखडी गिरवली, तिच्याच व्यासपीठावरून बोलण्याची संधी संस्थेने मला दिली, याबद्दल मी ऋणी आहे. २०१८ साली मी उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेलो. निघताना अम्मीने सामानात जानमाज ठेवली आणि वडिलांनी बजावले, "दीन सांभाळ. नको त्या संगतीत पडू नकोस." येथे बसलेले अनेक पालक आपल्या मुलांना हेच सांगत असतील. उपदेश योग्यच होता. मी तो चुकीच्या रीतीने पाळला.

२०१९ चा रमजान मे महिन्यात, ऐन परीक्षेत आला. "जेवायला का येत नाहीस?" असे सोबत्यांनी विचारले, तेव्हा "पोट बिघडले आहे" असे मी सांगितले. रोजा ठेवायचा आणि तो लपविण्यासाठी खोटे बोलायचे! दुसरी चूक याहून मोठी. शेजारच्या खोलीत दुसऱ्या देशातून आलेला एक मुलगा राहत असे. तो दारू पितो म्हणून मी त्याच्याशी बोलणेच टाकले. पुढे तो शिक्षण अर्धवट सोडून मायदेशी परतला. कित्येक महिने त्याची कोणी विचारपूसही केली नव्हती, हे मला नंतर कळले. मी ज्याला परहेज समजत होतो, तो माझा भित्रेपणा होता.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे विद्यापीठ बंद झाले. अमेरिकन मुले घरी गेली. भारताने परदेशातून येणारी प्रवासी विमाने २२ मार्चपासून बंद केली आणि आम्ही वसतिगृहात अडकलो. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना साधारणपणे विद्यापीठाच्या आवारातच, आठवड्यास २० तासांपर्यंत काम करता येते. आवारच बंद, मग कमाई कुठली? नायजेरियाच्या ख्रिस्ती मित्राचे घरून येणारे पैसे थांबले. चीनच्या मुलीला रस्त्यात शिव्या ऐकाव्या लागत. सोलापूरचा एक शाकाहारी मुलगा तापाने फणफणला होता.

आम्ही जमेल तेवढे पैसे एकत्र केले. मी सर्वांसाठी डाळ-भात शिजवी. मांसाची भांडी वेगळी ठेवली. डबे दाराशी ठेवून दूर व्हायचे, आणि चीनच्या मुलीबरोबर बाजारात कोणीतरी जायचेच, असे ठरले. एकदा सामानाच्या यादीत कोणी बिअर लिहिली. सामान आणण्याची पाळी माझी होती. या वेळी मी सबब सांगितली नाही. म्हणालो, "भाई, तुझी बाटली मी आणणार नाही. तुझे औषध मात्र रात्री दोन वाजतासुद्धा आणीन." तो हसला आणि त्याने ती ओळ खोडली. एप्रिलअखेर रमजान सुरू झाला, तेही मी सर्वांना सांगितले. पहिल्याच संध्याकाळी माझ्या दाराशी खजूर आणि फळे ठेवलेली होती. ठेवणारा होता तो सोलापूरचा मुलगा.

६ जुलै २०२० रोजी तेथील सरकारने जाहीर केले की, ज्यांचे सर्व वर्ग ऑनलाइन असतील त्या परदेशी विद्यार्थ्यांनी देश सोडावा. हार्वर्ड आणि एम.आय.टी. न्यायालयात गेल्या व १४ जुलैला तो हुकूम मागे घेण्यात आला. मधल्या आठ रात्री आम्ही एकत्र बसून एकमेकांचे कागद तपासले. नमाजची वेळ झाली की मी उठून जाई आणि पढून परत येई. कोणी काही विचारीत नसे, कारण मी कोण आहे हे आता सर्वांस ठाऊक होते.

मित्रांनो, हा धडा नवा नाही. नुबुव्वतीपूर्वी मक्केत यमनच्या एका व्यापाऱ्याचा माल एका बड्या असामीने घेतला व पैसे बुडविले. त्या परक्याला तेथे कोणी वाली नव्हता. तेव्हा काही घराण्यांनी अब्दुल्ला बिन जुदआन यांच्या घरी जमून पीडिताच्या पाठीशी उभे राहण्याचा करार केला. हाच हिल्फुल फुदूल. तरुण वयातील हजरत मुहम्मद (स.) त्यात सामील होते, पुढेही अशा करारासाठी बोलावणे आले तर आपण जाऊ, असे त्यांनी सांगितल्याचे सीरतच्या ग्रंथांत नमूद आहे. जकातीच्या आठ हक्कदारांतही वाटेत अडचणीत सापडलेल्या मुसाफिराचे नाव आहे. मग परक्या मुलखात अडकलेल्या सोबत्याला आधार देणे हे आपल्या दीनाबाहेरचे काम कसे म्हणता येईल?

विद्यार्थी मित्रांनो, आपण जेथे जाल तेथे आपले नाव, आपली नमाज, आपला आहार लपवू नका. जे करायचे नाही त्यास नम्रपणे 'नाही' म्हणा. पण तो 'नाही' त्या गोष्टीला असू द्या, त्या माणसाला नको.

आणि पालकहो, मुलाचा फोन आला की "नमाज पढलास का?" हे जरूर विचारा. त्याबरोबर एवढेही विचारा, "तुझ्या शेजारच्या खोलीत कोण राहतो? तो आज जेवला का?" मला कोणी हे पहिल्याच वर्षी विचारले असते, तर कदाचित एक मुलगा आपले शिक्षण पुरे करून घरी गेला असता.

खुदा हाफिज.