नावापुढची अक्षरे



ह्या व्याख्यानमालेची पत्रिका छापायला जाताना चालकांपुढे एक अडचण उभी राहिली. कालच्या वक्त्यांच्या नावापुढे एम.ए., पीएच.डी. होते. परवा ज्या बाई बोलल्या त्या डॉक्टर. माझ्या नावापुढे काय घालायचे? चालकांनी फोन केला. "आपले शिक्षण काय लिहू?" मी म्हटले, "सातवी पास." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "'कामगार नेते' लिहितो." मी म्हटले, "नेते नको हो, निवडणूक आली असे वाटेल लोकांना." शेवटी त्यांनी नुसते नाव छापले आणि विषय विचारला. मी म्हटले, आता हाच विषय घेऊ. विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्याने स्वतःला काय म्हणवून घ्यावे?

मी ह्यावर कोण बोलणार, असे आपल्याला वाटेल. माझे वडील मुंबईच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. त्या वर्षी गिरणीचा भोंगा थांबला आणि माझी शाळाही थांबली. पुढचे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या एका गंजक्या कपाटातले. तेव्हा विद्यापीठाकडे मी बाहेरून पाहणारा माणूस आहे. पण इमारतीला तडा गेलेला कधीकधी रस्त्यावरच्या माणसाला आधी दिसतो.

कपाटातल्या पुस्तकांत मला पहिले नवल सापडले ते हे की 'युनिव्हर्सिटी' ह्या शब्दाचा मूळ अर्थ विद्येचे मंदिर वगैरे काही नाही. 'उनिव्हेर्सितास' ह्या लॅटिन शब्दाचा अर्थ संघ. चांभारांचा संघ, विणकरांचा संघ, तसा शिकवणाऱ्यांचा आणि शिकणाऱ्यांचा संघ! इटलीत बोलोन्या येथे विद्यार्थ्यांनी संघ केला आणि मास्तरांना आपल्या अटींवर कामाला ठेवले. पॅरिसला मास्तरांनी संघ केला. १२२९ साली पॅरिसमध्ये दंगल झाली, तीत शिपायांनी काही विद्यार्थी मारले, आणि विद्यापीठाने सरळ संप पुकारला. वर्ग बंद. मास्तर आणि विद्यार्थी शहर सोडून गेले. दोन वर्षे संप चालला, आणि १२३१ मध्ये पोपने विद्यापीठाचे हक्क मान्य करणारे फर्मान काढले तेव्हा तो मिटला. मंडळी, आमच्या युनियनचा इतिहास आठशे वर्षांचा आहे हे मला त्या दिवशी कळले!

ह्या संघांत 'मास्टर' म्हणजे उस्ताद. सुताराच्या संघात उस्ताद असतो तसाच. त्याला स्वतः शिकवण्याचा परवाना मिळे. बॅचलर म्हणजे अजून उस्ताद न झालेला, अर्ध्या वाटेवरचा. म्हणजे आज आपण लग्नपत्रिकेत नावापुढे कंसात जी अक्षरे छापतो ती मुळात बिरुदे नव्हती. ती सभासदत्वाची खूण होती. हा मनुष्य अमुक काम जाणतो आणि त्या कामाबद्दल त्याला जाब विचारता येईल, एवढा तिचा अर्थ.

आपल्याकडचा शब्द 'स्नातक'. विद्या पुरी झाली की शिष्याने विधिपूर्वक स्नान करायचे आणि घरी परतायचे. ह्या विधीला समावर्तन म्हणत. तैत्तिरीय उपनिषदात निरोप घेणाऱ्या शिष्याला आचार्याने केलेला उपदेश आहे. कसे वागावे, काय टाकू नये, हे सारे त्यात आहे. आपले नाव कसे लिहावे ह्याबद्दल एक अक्षर नाही. मला तो शब्द आवडतो, कारण वडील पाळी सुटल्यावर केसांतला, भुवयांतला कापूस धुऊन काढीत, तेही स्नानच होते. परंतु हेही विसरता येत नाही की ते विद्येचे स्नान शूद्राच्या आणि बाईच्या वाट्याला नव्हते. शब्द कितीही गोड असो, तो दाराच्या आतून उच्चारला जातो की बाहेरून, ह्यावर त्याची चव ठरते.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, म्हणजे परीक्षा घेणारी संस्था म्हणून. बी.ए. ही अक्षरे आणि काळा झगा त्याच बोटीने आले. १८६२ मध्ये जी पहिली बी.ए.ची तुकडी बाहेर पडली तीत रानडे आणि भांडारकर होते. रानड्यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, म्हणून तर आपण आज उन्हाळ्याच्या संध्याकाळी इथे बसलो आहोत. पदवी मिळालेल्याने पदवी न मिळालेल्यांसाठी उघड्यावर मांडलेला हा वर्ग. त्या तुकडीने आपल्या अक्षरांची फेड कशी केली हे पाहायचे तर दुसरीकडे जायला नको.

ही परकी अक्षरे बदलावी असा प्रयत्न आपल्याकडे झाला. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले आणि पदवीला नाव दिले 'गृहीतागमा'. जिने विद्या ग्रहण केली ती. नाव सुरेख. त्या मुली मराठीतून शिकल्या. पण ह्या विद्यापीठाला कायद्याची मान्यता मिळायला १९५१ साल उजाडले, आणि पुढे तिथेही बी.ए. हेच नाव आले. मी ह्याला पराभव म्हणत नाही. नुसते आपले नाव पुरत नाही, त्या नावाला बाजारात आणि दरबारात किंमत मिळवून द्यावी लागते, एवढा धडा त्यात आहे.

उलट नुसते नाव देऊन हक्क मागे ठेवता येतो, हे केंब्रिजने दाखवले. तिथे १८८१ पासून बायकांना परीक्षेला बसता येई, पण पास झाल्या तरी पदवी नाही. १८९७ मध्ये पदवी द्यावी असा ठराव आला तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा रस्त्यावर टांगला आणि ठराव मोठ्या मतांनी पडला. १९२१ मध्ये पदवीचे नुसते नाव दिले. विद्यापीठाच्या कारभारात मत दिले नाही. पुरती पदवी मिळाली १९४८ साली. सत्तावीस वर्षे त्या बायका नावाच्या पदवीधर होत्या.

ही गोष्ट वाचली तेव्हा मला आमच्या कारखान्यांची आठवण झाली. नाव द्यायचे आणि हक्क ठेवून घ्यायचा, ही युक्ती तिथे रोज चालते. पदवीधर पोराला कामावर घेतात आणि त्याला 'ट्रेनी' म्हणतात, 'एक्झिक्युटिव्ह' म्हणतात. पोरगा खूष, गावाकडे आईबाप खूष. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा सांगतो की उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे. १९७३ मध्ये पदवीधर इंजिनिअर त्या कायद्याखाली आले. खरोखर शिकवत असतील तर माझी तक्रार नाही. पण शिकाऊ म्हणून तीनही पाळ्यांत मशीन चालवून घ्यायचे असेल तर तो शब्द म्हणजे कुलूप आहे. माणूस कामगार आहे की नाही हे त्याच्या प्रत्यक्ष कामावरून ठरते, हुद्द्याच्या नावावरून नव्हे, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. तरी पोरांना वाटते, मी ऑफिसर, मी युनियनच्या सभेला कसा जाऊ?

आता दुसरी बाजू सांगतो, आणि ही सांगताना मला माझ्याकडेही बोट दाखवले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही कंत्राटी मुलांची युनियन बांधत होतो. कारखान्याचे नाव सांगत नाही. आमच्या सभासद-अर्जावर शिक्षणाचा रकाना होता. पॅकिंग खात्यातला एक मुलगा पेन हातात धरून बसून राहिला. मग हळूच म्हणाला, "काका, इथं खरं लिहू की कंपनीत लिहिलंय ते?" कंपनीत त्याने बारावी लिहिले होते. तो बी.एस्सी. होता, रसायनशास्त्र घेऊन. पदवीधर पोरे टिकत नाहीत, प्रश्न विचारतात, म्हणून कंत्राटदार त्यांना घेत नसे. त्याच्या घरी भिंतीवर झगा घातलेला त्याचा फोटो होता. नोकरी लागली त्या दिवशी आईने तो उतरवून ट्रंकेत ठेवला होता.

मी त्याला म्हटले, "युनियनच्या कागदावर खोटं लिहायचं नाही." त्याने खरे लिहिले. पुढे सभासदसंख्येच्या पडताळणीसाठी अर्जांचा गठ्ठा दाखल झाला, तो रकाना कुणाच्या तरी नजरेला पडला, आणि खोटी माहिती दिली म्हणून त्या मुलाला काढले. आम्ही भांडलो, हरलो. कायदाही आमच्या बाजूने फारसा नव्हता. २०२० साली एका बँकेच्या शिपायाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच उमेदवाराच्या विरुद्ध निकाल दिला: पदवीधर चालणार नाही असे जाहिरातीत असताना त्याने पदवी लपवली होती. एकीकडे लोक नसलेली पदवी नावापुढे लावतात, आणि दुसरीकडे असलेली पदवी चोरीच्या मालासारखी लपवावी लागते. कशाला म्हणायचे विद्येचा मान?

आपल्या संविधानाच्या १८ व्या अनुच्छेदाने सरकारी किताब बंद केले. सवलत ठेवली ती दोनच प्रकारांना: सैनिकी आणि विद्याविषयक. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पद्म पुरस्कारसुद्धा नावाच्या मागेपुढे लावता येणार नाहीत. म्हणजे रावबहादूर गेले, सर गेले, पण बी.ए. राहिले. घटनाकारांनी ही अक्षरे राखली असतील तर ती दिवाणखान्यातल्या पाटीसाठी राखली असे मी मानत नाही. डॉक्टरने दवाखान्यावर पदवी जरूर लिहावी. रोग्याला कळले पाहिजे की समोरचा माणूस कशाची जबाबदारी घेतो आहे. वकिलाने लिहावी, इंजिनिअरने पुलाच्या नकाशावर सहीखाली लिहावी. जिथे जाब द्यायचा तिथे अक्षरे हवीत. लग्नपत्रिकेत कोण जाब विचारणार?

आणि हाक कोणती मारायची ते लोक ठरवतात. ज्योतिरावांजवळ पदवी नव्हती. १८८८ मध्ये मुंबईच्या सभेत लोकांनी त्यांना महात्मा म्हटले. डॉ. आंबेडकरांजवळ मुंबईच्या, कोलंबियाच्या, लंडनच्या पदव्या होत्या. ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध गिरणी कामगारांचा जो संप झाला त्यात ते पुढे होते. त्या कामगारांनी त्यांची अक्षरे मोजत बसण्याऐवजी त्यांना बाबासाहेब म्हटले.

त्या मुलाचे पुढे काय झाले हे विचाराल. तो दुसऱ्या गावी एका प्रयोगशाळेत लागला, पगार कमी, पण काम त्याच्या विद्येचे. त्याला काढले तेव्हा मी ठरवले होते की अर्जावरचा शिक्षणाचा रकाना काढून टाकायचा. नवे अर्ज छापायला द्यायच्या आधी तो भेटायला आला. मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "रकाना काढू नका काका. मी एकट्यानं लिहिलं म्हणून मला काढलं. सगळ्यांनी लिहिलं असतं तर कुणाकुणाला काढलं असतं?"

आठशे वर्षांपूर्वी पॅरिसच्या मास्तरांना जे कळले होते तेच त्याने सांगितले. म्हणून पदवीधराने स्वतःला काय म्हणवून घ्यावे ह्याचे माझे उत्तर त्याच अर्जावर आहे. शिक्षणाच्या रकान्यात असेल ती पदवी स्वच्छ अक्षरात लिहावी, लाजू नये, मिरवू नये. त्याखालचा रकाना धंद्याचा आहे. पगारावर राबत असाल तर तिथे 'कामगार' लिहावे.

तो रकाना आम्ही ठेवला आहे. गेल्या खेपेला आलेल्या अर्जांत अकरा जणांनी त्यात पदवी लिहिली.