शेजारच्या तारेची कुजबुज : संगणकाच्या चपट्या केबलमधील क्रॉसटॉक आणि त्यावरील उपाय

(वार्षिक संमेलनात सेम्बावांग, सिंगापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी मी एक अगदी लहान वस्तू निवडली आहे. जुन्या संगणकाची पेटी उघडली की आत राखाडी रंगाची, कडेला लाल रेघ असलेली एक चपटी पट्टी दिसते. ती मुख्य पटलापासून हार्ड डिस्कपर्यंत गेलेली असते. तिची लांबी दीड फूट आणि रुंदी दोन इंच. या पट्टीत आणि तिच्या टोकाच्या कनेक्टरमध्ये शेजारशेजारच्या तारांचे संकेत एकमेकांत मिसळू नयेत म्हणून अभियंत्यांनी काय केले, एवढाच माझा विषय आहे.

विषय लहान असला तरी त्यात आपले दोन प्रकारचे हित गुंतलेले आहे. पहिले हित या परिसराचे. आपण आज जेथे जमलो आहोत त्या सेम्बावांगची ओळख प्रथम ब्रिटिशांच्या आरमारी तळामुळे झाली. तो तळ १९३८ साली सुरू झाला. पुढे १९६८ मध्ये तेथील गोदी सेम्बावांग शिपयार्ड झाली. लोखंड आणि जहाज यांवर जगणाऱ्या या बेटाने नंतर इलेक्ट्रॉनिक्सची कास धरली. १९८२ मध्ये सीगेट कंपनीने सिंगापुरात हार्ड डिस्कचे उत्पादन सुरू केले. मॅक्स्टर, कॉनर, वेस्टर्न डिजिटल यांनीही येथे कारखाने उभारले आणि १९८० व १९९० च्या दशकांत हे छोटे राष्ट्र जगातील हार्ड डिस्क उत्पादनाचे एक प्रमुख केंद्र बनले. पुढे या उत्पादनाचा मोठा भाग थायलंड, मलेशिया, चीन येथे गेला. परंतु त्या काळातील संगणक ज्यांनी वापरले त्यांच्या डिस्कवर या बेटावरील हातांचा स्पर्श असण्याचा संभव पुष्कळच होता.

दुसरे हित आपल्या स्मृतीचे. परदेशस्थ मराठी संस्थांचे १९९० च्या दशकातील कागदपत्र, म्हणजे सभासदांच्या याद्या, सभांची इतिवृत्ते, हिशेब, स्मरणिकांची अक्षरजुळणी, यांतील बराचसा भाग त्या काळच्या हार्ड डिस्कवर उतरला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आज्ञावली वापरून ही अक्षरे टंकित झाली. त्या डिस्क आज कपाटाच्या तळाशी पडून आहेत. त्या एकदा शेवटच्या सुरू करून आतील मजकूर सुखरूप बाहेर काढावयाचा असेल, तर ही चपटी पट्टी समजून घेणे अगत्याचे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्यापैकी ज्येष्ठांना ट्रंक कॉलचा काळ आठवत असेल. आपण गावाकडील माणसाशी बोलत असताना मध्येच तिसऱ्याच कुणाचे व्यापाराचे भाव ऐकू येत. आपण त्याला सरसकट ‘क्रॉस कनेक्शन’ म्हणत असू. त्यातील काही प्रकार चुकीच्या जोडणीचे असत. पण काही वेळा जोडणी अगदी बरोबर असूनही शेजारच्या तारेवरील बोलणे आपल्या तारेत झिरपत असे. या झिरपण्यालाच क्रॉसटॉक म्हणतात. दूरध्वनीइतकाच हा दोष जुना आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्येच दोन तारा एकमेकींभोवती पिळून तो कमी करण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले होते.

तारेवर प्लॅस्टिकचे आवरण असताना संकेत बाहेर जातोच कसा, असा प्रश्न सहज मनात येतो. आवरण विजेचा प्रवाह अडविते. विद्युतक्षेत्र आणि चुंबकक्षेत्र अडवीत नाही. दोन तारा शेजारी असल्या आणि मध्ये आवरण असले की त्यांचा नकळत एक लहानसा धारक, म्हणजे कपॅसिटर, तयार होतो. एका तारेवरील दाब बदलला की दुसरीवर त्याचा धक्का बसतो. त्याचबरोबर त्या दोन तारा गाभा नसलेल्या रोहित्राच्या दोन वेटोळ्यांप्रमाणेही वागतात. एकीतील प्रवाह बदलला की दुसरीत दाब प्रवर्तित होतो. येथे ‘बदलला’ हा शब्द महत्त्वाचा आहे. स्थिर दाब शेजाऱ्याला त्रास देत नाही. सावकाश चढणारा दाब थोडा त्रास देतो आणि क्षणार्धात उसळणारा दाब फार त्रास देतो. संगणकाचा वेग वाढविणे म्हणजे ही उसळी अधिकाधिक तीव्र करणे होय. म्हणून जी केबल १९८० च्या दशकात निर्दोष होती, तीच १९९० च्या दशकाच्या अखेरीस अपुरी ठरली.

ती केबल कशी होती ते पाहा. आयडीई किंवा एटीए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत चाळीस तारा एकमेकींना चिकटून होत्या आणि दोन तारांमधील अंतर १.२७ मिलिमीटर होते. या चाळिसांपैकी ग्राउंडच्या, म्हणजे शून्य दाबाच्या व प्रवाहाला परतीची वाट देणाऱ्या, तारा केवळ सात होत्या. प्रत्यक्ष माहिती वाहणाऱ्या सोळा तारा तिसऱ्या क्रमांकापासून अठराव्यापर्यंत सलग होत्या. ग्राउंडची तार दुसऱ्या क्रमांकावर आणि मग थेट एकोणिसाव्या क्रमांकावर होती. समजा, यांतील पंधरा तारा एकाच क्षणी शून्यावरून एकावर गेल्या आणि मधल्या एकीने शून्यच राहावयाचे आहे. दोन्ही बाजूंच्या शेजारणी एकदम उसळल्यामुळे तिच्यावरही दाब चढतो. तो मर्यादेपलीकडे गेला आणि नेमका त्याच क्षणी वाचला गेला, तर पलीकडे शून्याचा एक होतो. हिशेबाच्या आकड्यात एक बिट बदलणे म्हणजे काय, हे कोषाध्यक्षांना वेगळे सांगावयास नको.

ग्राउंडच्या तारा दूर असण्याचा आणखी एक तोटा असतो. विजेचा प्रवाह जातो तसा परतावाही लागतो. जाण्याची आणि परतीची वाट जवळजवळ असेल तर दोघींची चुंबकक्षेत्रे एकमेकांना बव्हंशी मारतात. परतीची वाट लांब असेल तर मध्ये मोठे वेटोळे पडते आणि त्याचा उपद्रव आसपासच्या साऱ्या तारांना होतो. हे अभियंत्यांना ठाऊक नव्हते असे नाही. त्याच काळातील स्कझी पद्धतीच्या पन्नास तारांच्या केबलमध्ये जवळजवळ एकाआड एक ग्राउंड होते. आयडीईमध्ये ही चैन केली गेली नाही, कारण ती स्वस्त घरगुती संगणकासाठी होती आणि त्या वेळच्या वेगाला सात ग्राउंड पुरत होते.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अल्ट्रा डीएमए ही पद्धत आली. तिच्यात ठेक्याच्या चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही कडांवर माहिती पाठविली जाते. सेकंदाला ३३ मेगाबाइट या वेगापर्यंत, म्हणजे दर ६० नॅनोसेकंदांना सोळा बिट, जुनी केबल कशीबशी टिकली. वेग ६६ मेगाबाइट करावयाचा म्हणजे ही मुदत ३० नॅनोसेकंदांवर आली. तेथे चाळीस तारांची केबल निरुपयोगी ठरली.

उपाय असा निघाला की केबलमध्ये ऐंशी तारा घालाव्यात आणि नव्या चाळीसही तारा ग्राउंडच्या ठेवाव्यात. तारा अधिक बारीक घेतल्या, अंतर निम्मे म्हणजे ०.६३५ मिलिमीटर केले. त्यामुळे पट्टीची रुंदी होती तेवढीच राहिली. प्रत्येक दोन मूळ तारांमध्ये आता एक ग्राउंड आली. उसळणाऱ्या तारेचे क्षेत्र शेजारच्या संकेतापर्यंत पोहोचण्यापूर्वी बरेचसे या मधल्या तारेवर संपते आणि परतीची वाट अगदी हाताशी मिळते. या चाळीस तारा स्वतः कोणताही निरोप नेत नाहीत. इतरांचा निरोप शुद्ध राहावा एवढेच त्यांचे काम.

परंतु खरी परीक्षा पुढे कनेक्टरमध्ये होती. जगभरच्या डिस्क आणि मुख्य पटले चाळीस पिनांची होती. ती टाकून देणे शक्य नव्हते. तेव्हा कनेक्टर चाळीस छिद्रांचाच ठेवून त्यात ऐंशी तारा आणावयाच्या होत्या. नव्या चाळीस तारांना स्वतःचे दार नाही. म्हणून कनेक्टरच्या पोटात धातूची एक पट्टी बसविली. नव्या तारा या पट्टीला मिळतात आणि पट्टी मूळच्या सात ग्राउंड पिनांना. या कनेक्टरमध्ये डाग दिला जात नाही. काट्यासारखे दुभंगलेले बारीक संपर्क तारेचे आवरण चिरून आत शिरतात व तांबे पकडतात. केबल योग्य जागी ठेवून यंत्राने एकदाच दाबले की सर्व जोडण्या एका दमात होतात. केबल अर्धा मिलिमीटर जरी सरकली, तरी काटा शेजारच्या तारेत घुसतो. ०.६३५ मिलिमीटरवर इतके काटे एका ओळीत मावत नाहीत, म्हणून ते मागेपुढे बसवितात. केबलमध्ये ग्राउंडच्या आडोशाने आलेले संकेत कनेक्टरच्या पोटात मात्र पुन्हा उघड्यावर येतात. तेथे उपाय तीन : संपर्काची लांबी शक्य तितकी कमी ठेवणे, ग्राउंडचा धातू संकेताच्या संपर्कांजवळ आणणे आणि ग्राउंडचे संपर्क एका कोपऱ्यात न गोळा करता विखरून ठेवणे.

केबल नवी की जुनी हे संगणकाला कसे कळते? ऐंशी तारांच्या केबलच्या निळ्या कनेक्टरमध्ये चौतिसावी पिन आतल्या आत ग्राउंडला जोडलेली असते. मुख्य पटल ही पिन तपासते. ती ग्राउंडवर आढळली तरच वाढीव वेगाची परवानगी मिळते. अन्यथा वेग ३३ मेगाबाइटवर रोखला जातो. म्हणून निळे टोक मुख्य पटलात, काळे टोक पहिल्या डिस्कमध्ये आणि मधले राखाडी दुसऱ्या डिस्कमध्ये, हा क्रम शोभेचा नाही.

अल्ट्रा डीएमएने आणखी एक पहारेकरी दिला. प्रत्येक खेपेच्या शेवटी दोन्ही टोके सीआरसी नावाची बेरीज ताडून पाहतात. ती जुळली नाही तर तीच खेप पुन्हा होते. विंडोज एक्सपीसारखी कार्यप्रणाली अशा चुका वारंवार झाल्यास वेग पायरीपायरीने उतरविते. संगणक अचानक मंद झाला म्हणून डिस्क खराब ठरवून फेकली जाते. दोष कित्येकदा केबलचा असतो. आणि सर्वांत जुन्या, पीआयओ पद्धतीच्या देवघेवीत हा पहारेकरी नाहीच. तेथे बदललेला बिट निमूटपणे आत येतो.

आता आपल्या कपाटातील डिस्ककडे येऊ. डिस्क जुनी असली तरी ऐंशी तारांची केबल तिला चालते, तीच वापरावी. एकच डिस्क असेल तर ती शेवटच्या काळ्या टोकाला लावावी. मधल्या टोकाला लावल्यास पुढचा मोकळा तुकडा संकेत परावर्तित करतो. लाल रेघ एक क्रमांकाच्या पिनेकडे ठेवावी. कनेक्टरचे विसावे छिद्र बुजविलेले असते; समोर त्या जागी पिन असेल तर जोर करू नये. पट्टी न ओढता कनेक्टर धरून काढावा. काही वर्षांपूर्वी पट्टी उभी फाडून गोल गुंडाळलेल्या केबल बाजारात आल्या होत्या. त्या दिसायला सुबक असल्या तरी त्यांत संकेत आणि ग्राउंड यांचा क्रम मोडतो आणि प्रमाणित नियमांत त्यांना स्थान नाही. आखूड तारेचा यूएसबी जोडही चालेल. मात्र लॅपटॉपची डिस्क ४४ पिनांची असते व तिच्या पिनांतील अंतर कमी असते, याचे भान ठेवावे. मूळ डिस्कवर काहीही लिहू नये. मजकूर दोन ठिकाणी उतरवावा आणि प्रत्येक फाइल उघडून पाहावी. श्रीलिपीतील मजकूर टंकाअभावी अगम्य चिन्हांसारखा दिसेल. तो नष्ट झाला असे समजून पुसू नये. मूळ टंक मिळवून त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते.

पुढे वेग १०० आणि १३३ मेगाबाइटपर्यंत गेला आणि ही वाट संपली. २००३ पासून आलेल्या सीरियल एटीए पद्धतीत ऐंशी तारांच्या जागी सात उरल्या : संकेताच्या दोन जोड्या आणि तीन ग्राउंड. जोडीतील एका तारेवरील दाब चढतो तेव्हा दुसरीवरील उतरतो. पलीकडे दोहोंतील फरक वाचला जातो, म्हणून दोघींवर सारखाच पडलेला बाहेरचा धक्का वजा होतो. बेलच्या जोडतारेचे तत्त्व नव्या वेषात परत आले. तरी जोड्यांच्या मध्ये आणि कडेला ग्राउंड आहेच. आपल्या खिशातील फोनमध्ये घडी घातलेल्या कागदासारख्या पातळ केबल असतात. त्यांच्या कनेक्टरची आखणी करणाराही आज हाच प्रश्न सोडवितो, फक्त अंतर आणखी कमी झाले आहे.

आपल्या तरुण मुलामुलींपैकी जे येथील तंत्रसंस्थांत शिकत आहेत, त्यांनी ही केबल एकदा अवश्य उकलून पाहावी. पाठ्यपुस्तकातील धारिता आणि प्रवर्तन हे दोन्ही शब्द तीत बोटाने दाखविता येतात. आणि ज्यांच्या घरी किंवा संस्थेच्या कपाटात अशी डिस्क आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की हे काम पुढील संमेलनापर्यंत लांबवू नये. डिस्कच्या फिरत्या भागांचे आयुष्य मर्यादित असते आणि योग्य केबल व तिला जोडता येईल असा संगणक दरवर्षी दुर्मिळ होत आहे. त्या याद्यांतील पुष्कळ नावे आज आपल्यात नाहीत. ती नावे ज्यांनी टंकित केली त्यांनी प्रत्येक अक्षर पारखून घातले होते. ती तशीच, एकही बिट न बदलता, पुढच्या पिढीच्या हाती जावीत.